नदीकाठचे द्रव्य आणि कारूंचा हक्क : मोशी परिसरातील इंद्रायणीकाठाच्या अनुषंगाने एक विचार

१. विषय आणि त्याची मर्यादा

पुणे-नाशिक रस्ता जेथे इंद्रायणी नदी ओलांडतो तेथे नदीच्या दक्षिण तीरावर मोशी हे गाव आहे. नदीच्या वरच्या अंगास देहू, खालच्या अंगास आळंदी आणि पलीकडे चाकणचा मुलूख अशी या गावाची चतुःसीमा स्थूलमानाने सांगता येते. लोणावळ्यानजीकच्या डोंगरात उगम पावलेली इंद्रायणी मावळातून उतरून येथे सपाटीवर येते आणि पुढे तुळापूर येथे भीमेस मिळते. डोंगरातील वेग ओसरलेला असल्याने या टप्प्यात तिच्या काठी गाळ साचतो, वळणावळणावर वाळू पडते व पाणथळ जागी बोरू, लव्हाळा आणि पाणकणीस माजते. हवेली तालुक्यातील हा नदीकाठ, त्यावरील द्रव्ये आणि त्या द्रव्यांवर ज्यांची कारागिरी उभी होती ते गावकामगार यांचा परस्परसंबंध हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

महाराष्ट्रातील खेड्याच्या अभ्यासात कारू-नारूंचा विचार पुष्कळ झाला आहे. डॉ. टॉमस कोट्स यांनी १८१९ च्या सुमारास पुण्याजवळील लोणी गावाची पाहणी केली. तिचा वृत्तांत मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या ग्रंथमालेत १८२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्र्यंबक नारायण आत्रे यांचा ‘गाव-गाडा’ १९१५ मध्ये निघाला. डॉ. हॅरल्ड मान यांनी मोशीपासून फार दूर नसलेल्या, पवनाकाठच्या पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ मध्ये आपला ग्रंथ प्रकाशित केला. पुढे गो. स. घुर्ये यांनी कोट्स यांच्याच गावाकडे पुन्हा वळून १९६० मध्ये लोणीकंदवरील अभ्यास सादर केला. या सर्व लेखनाचे ऋण मोठे आहे. तथापि त्यात कारूंच्या प्रश्नाची मांडणी मुख्यतः माणसामाणसांतील देवघेवीच्या अंगाने झालेली आढळते : कारूने कुणब्यास काय पुरवावे आणि कुणब्याने खळ्यावर त्यास किती पेंढ्या वा किती धान्य द्यावे. ही देवघेव ज्या द्रव्यावर उभी होती ते द्रव्य कोठून येई, कोणत्या अधिकाराने येई आणि तो अधिकार पुढे कोठे गेला, हा प्रश्न त्या मानाने मागे राहिला. या प्रश्नाकडे लक्ष वेधणे आणि त्याचे उत्तर कागदपत्रांत सहज का सापडत नाही याचे कारण शोधणे, एवढाच येथील हेतू आहे.

२. काठाची द्रव्ये

नदीकाठच्या द्रव्यांचे चार वर्ग करता येतात : माती, तंतू, बोरू-लव्हाळ्यासारख्या वनस्पती व काठावरील झुडपे, आणि वाळू. यांपैकी प्रत्येकावर एक वा अधिक कारागिऱ्या अवलंबून होत्या. पुराच्या पाण्याने आणलेला गाळ कुंभाराचा. अंबाडी व ताग ही शेतातील पिके खरी, पण त्यांची खोडे पाण्यात कुजवून धुतल्याखेरीज त्यांचा तंतू निघत नाही. म्हणून दोर वळणाऱ्या मांगास (आजच्या मातंग समाजास) नदीचा डोह शेताइतकाच आवश्यक होता. ओढ्यांच्या व नदीच्या काठाने वाढणाऱ्या शिंदीची पाने केरसुण्या व चटया यांसाठी लागत. निगडी अथवा निर्गुडी या झुडपाचे लवचीक फोक कणग्या विणण्यास व कुडाच्या भिंतींस उपयोगी पडत. मोशीच्या शेजारच्या निगडी या गावाचे नाव या झुडपाच्या नावाशी जुळते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. वाळुंज हे पाण्याकाठचे झाडही त्याच्या फोकांमुळे टोपल्यांच्या कामी येई. पाणकणसाच्या पात्यांच्या चटया होत. बोरूची लेखणी होई. वाळू ही बांधकामाखेरीज लेखनासाठीही लागे. त्याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

या द्रव्यांचा वापर अर्वाचीन नाही. भीमेच्याच खोऱ्यात, शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेल्या इनामगाव येथे डेक्कन महाविद्यालयाने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. इ. स. पूर्व सुमारे १६०० ते ७०० या काळातील ही ताम्रपाषाणयुगीन वसाहत होय. तेथे कुडामातीची घरे, कुंभाराच्या भट्टीचे अवशेष, जोर्वे पद्धतीची रंगीत भांडी आणि घराच्या जमिनीखाली कुंभांत पुरलेली मुले आढळली. तांबे दुरून आणावे लागे. माती मात्र काठावरची होती. तीन सहस्र वर्षांनंतरही या खोऱ्यातील कुंभार गाळाचीच माती मळत होता. ताम्रपाषाणयुगीन कुंभाराचा वंश पुढील कुंभारांशी जोडण्याचा मोह अर्थातच टाळला पाहिजे. सातत्य आहे ते वंशाचे नसून द्रव्याचे आहे.

३. कुंभार आणि गाळाची माती

बलुतेदारांच्या ज्या तीन ओळी अथवा कासा सांगितल्या जातात त्यांत कुंभाराचे स्थान मधल्या ओळीत असे. घागरी, मडकी, डेरे, परळ, रांजण, पणत्या आणि घरावरची कौले ही त्याची नित्याची घडण. सणांच्या अनुरोधाने तिच्यात भर पडे : संक्रांतीची सुगडे, बेंदराचे मातीचे बैल, नवरात्रातील घट. लग्नघरात मडक्यांची उतरंड त्याच्याकडून येई आणि प्रेतयात्रेत धरावयाचे मडकेही त्याचेच असे. जन्मापासून अंत्यविधीपर्यंतचा एकही संस्कार काठच्या मातीवाचून पार पडत नसे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच्या कामाची रीत पाहता द्रव्याचे महत्त्व अधिक स्पष्ट होते. केवळ काळी माती वाळताना तडकते. म्हणून गाळाच्या मातीत लीद व राख मिसळून ती तुडवून एकजीव करावी लागे. चाकावर भांड्याचा गळा व वरचा भाग आकारास येई. पोट मात्र पुढे थापटण्याने थापून, आतून दगडी वा मातीच्या गोट्याचा आधार देऊन, वाढवीत व पातळ करीत. संत गोरोबांनी थापटण्याने संतांची डोकी थापून कच्चे-पक्के पाहिल्याची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. तिचा मूळ संदर्भ या क्रियेत आहे. पक्के भाजलेले मडके आणि कच्चे मडके यांचा नाद वेगळा येतो, हे कुंभाराचे नित्याचे ज्ञान तेथे आध्यात्मिक कसोटी बनले आहे. अखेर शेण्या, भुसकट व पालापाचोळा यांच्या जळणावर आवा भाजला जाई.

कुंभार ही एकच जात नसून तंत्र व चालीरीती यांनी भिन्न असलेल्या अनेक जातींचा तो समूह आहे, असे प्रतिपादन इरावती कर्वे यांनी १९६१ च्या आपल्या ग्रंथात केले. थोरचाके, लहानचाके अशी त्यांतील काही नावेच चाकाच्या आकारावरून पडलेली आहेत. या भेदाकडे बहुधा जातिसंस्थेच्या दृष्टीने पाहिले जाते. पण चाक लहान असो वा थोर, त्यावर चढणारी माती गावच्या काठाची असे आणि ती वाहून आणणारे गाढव कुंभाराचे असे. गाव बदलले तर हत्यार बरोबर नेता येई; माती नेता येत नसे. म्हणजे कुंभाराचे वतन त्याला केवळ यजमानांशी नव्हे तर विशिष्ट खाणीशी बांधून ठेवी. नव्या गावी गेलेल्या कुंभाराला तेथील मातीचा गुण पुन्हा शिकावा लागे; त्याच्या विद्येचा अर्धा भाग हाताचा, तर अर्धा स्थळाचा होता.

४. दोर, नाडा आणि केरसुणी

दख्खनच्या बागाईत शेतीत विहिरीवरील मोट हे मुख्य साधन होते. मोटेचे कातडे चांभाराकडून येई. पण ती ओढणारा जाड नाडा आणि तिची सोंड सांभाळणारा बारीक सोंदूर हे दोन्ही दोर मांगाकडून येत. याशिवाय कासरे, दावी, चऱ्हाटे, शिंकी, म्होरक्या या सर्व वस्तू त्याच्याच. अंबाडीच्या पेंढ्या डोहात दगडाखाली दडपून कुजत घालावयाच्या, साल सुटू लागली की ती सोलून, आपटून धुवावयाची, वाळवावयाची आणि मग पीळ देऊन दोर वळावयाचा, अशी ही प्रक्रिया. कुजवणीचे दिवस थोडे चुकले तर तंतू कच्चा निघतो किंवा सडून तुटतो. पाणी वाहते असेल तर कुजण्यास वेळ लागतो, अगदी साचलेले असेल तर तंतू काळा पडतो. नदीचा कोणता डोह कोणत्या महिन्यात या कामास योग्य, हे ज्ञान लिहून ठेवलेले नाही. पण त्यावाचून मोट चालली नसती.

शिंदीच्या पानांची केरसुणी ही मुख्यतः या समाजातील स्त्रियांची कारागिरी होय. दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दिवशी नवी केरसुणी आणून तिला हळदकुंकू वाहण्याची रीत महाराष्ट्रभर आहे. जी वस्तू घरात लक्ष्मी म्हणून पुजली जाई तिची निर्माती मात्र त्याच घराच्या उंबऱ्याबाहेर उभी ठेवली जाई. द्रव्याचा इतिहास लिहिताना ही विषमता नजरेआड करता येत नाही. काठावरील शिंदी तोडण्याची मुभा आणि गावकुसाबाहेरचे जिणे ही दोन्ही एकाच व्यवस्थेची अंगे होती.

५. बोरू, वाळू आणि कागदाचे मौन

इतिहासाभ्यासकाच्या दृष्टीने नदीकाठचे सर्वांत जवळचे द्रव्य म्हणजे बोरू. मराठी राज्यातील मोडी लेखन बोरूच्या लेखणीने होत असे. वाळवलेल्या काडीस तिरका काप देऊन टोक केले जाई; कापाच्या रुंदीवर अक्षराचे वळण अवलंबून असे. पोलादी टाक आल्यानंतरही शाळांतून कित्ता गिरविण्यासाठी बोरू दीर्घकाळ टिकला आणि लेखणीखेरीज दुसरे काही न चालविणाऱ्यास ‘बोरूबहाद्दर’ म्हणण्याची चाल भाषेत राहिली. लिहून झाल्यावर ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरत. दप्तरांतील जुने रुमाल सोडताना कागदांच्या घड्यांतून ही वाळू अद्याप हाताला लागते. उत्तर पुणे भागातील जुन्नर हे कागदनिर्मितीचे जुने केंद्र; लगदा धुण्यास विपुल पाणी लागत असल्याने तो व्यवसायही पाण्याच्या आश्रयानेच वाढला. सारांश, गावचा इतिहास ज्या साधनांवरून लिहावयाचा ती साधने स्वतःच नदीकाठच्या द्रव्यांतून घडलेली आहेत.

असे असूनही या कागदांत त्या द्रव्यांविषयीचा मजकूर विरळ आढळतो. याचे कारण कागदाच्या उत्पत्तीतच आहे. महजर, निवाडपत्र, करीना हे मराठेशाहीतील गावपातळीवरील महत्त्वाचे दस्तऐवज तंट्यातून जन्मास येत. वतन कोणाचे, वडीलपण कोणाचे, मानाचे पान आधी कोणाला, बलुत्याचा वाटा किती, शिव कोठून जाते, असे प्रश्न उभे राहिले म्हणजे गोत जमे, साक्षी होत आणि कागद तयार होई. वि. त्र्यं. गुणे यांनी मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या सभांचे व त्यांच्या निर्णयांचे सविस्तर विवेचन केले आहे. ज्या गोष्टीविषयी तंटा नाही तिच्याविषयी कागद होण्याचे प्रयोजन नसते.

काठाच्या द्रव्यांविषयी तंटे विरळ का असावेत, याचे उत्तर ऋतुचक्रात शोधता येते. कुंभार पावसाळ्यात काम करू शकत नाही, कारण भांडी वाळत नाहीत व आवा पेटत नाही. माती खणण्याचा त्याचा हंगाम पाणी ओसरल्यानंतरचा व उन्हाळ्यातला. अंबाडी कुजत घालण्याचा काळ पीक निघाल्यानंतर, पाणी संथ झाल्यावर येतो. बोरू व लव्हाळा पक्व होऊन कापण्याजोगा होतो तो त्यानंतर. वाळू प्रत्येक पुराने नव्याने पडते. एकच काठ निरनिराळे लोक निरनिराळ्या महिन्यांत, निरनिराळ्या द्रव्यांसाठी वापरीत. आणि जे नेले जाई ते पुढील पावसाळा बव्हंशी भरून काढी. शिवाय नेण्याचे प्रमाण गाढवाच्या पाठीने व माणसाच्या डोक्याने मर्यादित होते. अशा स्थितीत हक्क वहिवाटीत राहतो, शब्दांत उतरत नाही. देहूच्या तुकोबांनी महापुरात तगून राहणाऱ्या लव्हाळ्याचा दृष्टांत दिला. पण त्या लव्हाळ्यावर मालकी कोणाची, हा प्रश्न त्या काळी कोणास पडण्याचे कारण नव्हते.

महजरांवर साक्षीदार वतनदारांच्या निशाण्या असत. पाटलाचा नांगर, शेट्याचा तराजू याप्रमाणे कारूंच्या निशाण्याही त्यांच्या हत्यारांच्या असत. या प्रथेचा अर्थ येथे महत्त्वाचा आहे. कारूची ओळख म्हणून कागदावर त्याचे हत्यार उमटले; त्याचे द्रव्य उमटले नाही. पुढील शतकात याची मोठी किंमत मोजावी लागली.

६. पोटखराबा : हक्काकडून सवलतीकडे

इंग्रजी अमलात १८३६ पासून इंदापूर तालुक्यातून विंगेट व गोल्डस्मिड यांच्या पद्धतीची जमीनमोजणी सुरू झाली आणि ती क्रमाने दख्खनभर पसरली. या मोजणीची दृष्टी आकारणीची होती. जमिनीची प्रत तिच्या पिकावरून ठरे. ज्या तुकड्यात नांगर चालत नाही तो ‘पोटखराबा’. काठावरील दरड, पाणथळ, बोरूचे बेट, मातीची खाण या सर्व जागा या दृष्टीने खराब ठरल्या. कुणब्याच्या व सरकारच्या हिशेबी जी जमीन निरुपयोगी तीच कारूच्या हिशेबी गावातील सर्वांत मोलाची जमीन होती; पण मोजणीच्या वहीत कारूच्या हिशेबाला रकाना नव्हता.

पुढील टप्पा १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याचा. त्याच्या ३७ व्या कलमाने नद्या, ओढे, तळी यांचे तळ व वाहते पाणी ही सरकारची मालमत्ता ठरली. कोणा व्यक्तीचा हक्क शाबीत झाल्यास तेवढ्यापुरता अपवाद कायद्याने ठेवला होता. न्यायाच्या दृष्टीने हा अपवाद उदार दिसतो. परंतु शाबीत करावयाचे म्हणजे कागद दाखवावयाचा. आणि ज्या हक्काविषयी कधी तंटाच झाला नाही त्याचा कागद कोठून येणार? निर्वेध उपभोग हाच ज्या हक्काचा सर्वांत बळकट पुरावा, तोच त्याच्या नोंदीच्या आड आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या २० व्या कलमात हेच तत्त्व कायम राहिले. १९५७ च्या खाणी व खनिजे यांविषयीच्या केंद्रीय कायद्यात साधी माती व साधी वाळू यांचा समावेश गौण खनिजांत झाला, आणि काठची माती ही स्वामित्वधनाचा विषय बनली.

कायद्याने कारूची दखल घेतलीच नाही, असे मात्र म्हणता येत नाही. जमिनीच्या वापरासंबंधीच्या १९६८ च्या महसूल नियमांत पोटखराब्याचे दोन वर्ग केले आहेत. दुसऱ्या वर्गात सार्वजनिक कामासाठी राखलेली जमीन, रस्ते, इतरांच्या उपयोगाचे ओढे व तळी, स्मशाने यांच्याबरोबर गावच्या कुंभारकामासाठी नेमून दिलेली जमीनही येते. ही नोंद अत्यंत उद्बोधक आहे. गावाने कुंभारास मातीची जागा नेमून देण्याची चाल होती, याची ती साक्ष देते. पण नोंद झाली आहे ती आकारणी नाही म्हणून. कुंभाराचा अधिकार आहे म्हणून नव्हे. त्याचप्रमाणे वंशपरंपरागत कुंभारास भांडी, कौले व विटा यांसाठी ठराविक मर्यादेपर्यंत मातीच्या स्वामित्वधनात सूट देण्याचे धोरण महाराष्ट्र शासनाने ठेवले. तेथेही पूर्वीचा हक्क हा सवलतीच्या रूपाने परत आला. हक्क आणि सवलत यांतील भेद केवळ शब्दांचा नाही. हक्क मोडला तर दाद मागता येते. सवलत काढून घेतली तर अर्ज करावा लागतो. मांगाच्या डोहास आणि शिंदीस तर या प्रकारची सवलतही लाभली नाही.

७. मागणी घटली की द्रव्य गेले ?

येथे एक आक्षेप संभवतो. कारागिऱ्या मोडल्या त्या मागणी घटल्यामुळे. द्रव्याचा प्रश्न गौण आहे, असे म्हणता येईल. या आक्षेपात तथ्य आहे. विजेचे पंप आल्यावर मोट गेली आणि मोटेबरोबर नाडा व सोंदूर गेले. तांब्यापितळेच्या, पुढे ॲल्युमिनियमच्या व प्लास्टिकच्या भांड्यांनी घागरीची जागा घेतली. नायलॉनच्या दोराने अंबाडीचा दोर हटविला. पोलादी टाकाने व फाउंटनपेनने बोरू संपविला. बलुत्याची व्यवस्थाही रोख व्यवहारापुढे टिकली नाही. शेतीबाहेरच्या मजुरीकडे या भागातील लोकांचा ओढा मान यांच्या पाहणीच्या काळीच सुरू झाला होता. खडकीचा दारूगोळा कारखाना जवळच होता.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, जुनी व्यवस्था मोडणे अनेकांस इष्ट होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, त्यामागे वतनाच्या नावाखाली चालणाऱ्या सक्तीच्या सेवेतून महारांची सुटका करण्याचा उद्देश होता. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाववतने रद्द झाली. आत्रे यांनी कुणब्याच्या बाजूने बलुत्याच्या बोजावर टीका केली होती. आंबेडकरांनी सेवकाच्या बाजूने तिच्यावर आघात केला. ज्या मुभेबरोबर अस्पृश्यता आणि वेठ येत होती तिच्याविषयी हळहळ व्यक्त करणे इतिहासाचे काम नव्हे.

तरीही मागणीचे कारण पुरेसे ठरत नाही. ज्या वस्तूंची मागणी घटली नाही त्यांचा विचार केल्यास हे दिसून येते. सुगडे, घट, पणत्या, केरसुण्या यांची मागणी लोकवस्तीबरोबर वाढली आहे. पिंपरी-चिंचवडच्या वस्तीत प्रत्येक संक्रांतीस व दिवाळीस त्या लागतात. पण नगरातील कुंभारास त्यासाठी माती विकत आणावी लागते. एकेकाळी पुण्यात मुठेच्या काठाशी कुंभारवेस होती. वेशीचे नाव राहिले, काठाशी असलेला संबंध राहिला नाही. म्हणजे मागणी टिकूनही द्रव्यावरील अधिकार गेल्याने कारागिरी स्थानापासून तुटली. सेवेचे बंधन सुटले हे योग्यच झाले. त्याबरोबर द्रव्याचा अधिकारही सुटला, आणि त्याची कोणी स्वतंत्र चर्चा केली नाही. वतनजमिनी परत देण्याची तरतूद १९५८ च्या कायद्यात होती, कारण त्या जमिनींस क्रमांक होते. डोहाला व शिंदीच्या रांगेला क्रमांक नव्हता.

मोशी परिसरात हा बदल विशेष वेगाने झाला. पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सचा कारखाना १९५४ मध्ये उभा राहिला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ मध्ये झाली आणि पिंपरी, चिंचवड, भोसरी ही गावे कारखान्यांनी वेढली गेली. नंतर हा पट्टा चाकणपर्यंत पोहोचला. १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवड महानगरपालिका अस्तित्वात आली आणि १९९७ मध्ये मोशीचा तिच्या हद्दीत समावेश झाला. वाढत्या नगरास विटा लागल्या व वाळू लागली. कुंभाराच्याच गाळाचे आणि लेखकाच्याच वाळूचे आता ट्रकांनी मोजमाप होऊ लागले. जे द्रव्य पूर्वी प्रत्येक पावसाळा भरून देई ते भरून येण्याआधीच उचलले जाऊ लागले. सांडपाण्याने पाण्याचा गुण बदलला, आणि अंबाडी कुजत घालावी असा डोह शोधूनही सापडू नये अशी स्थिती आली.

तंट्यावाचून कागद नाही, हा पूर्वीचा नियम येथे पुन्हा प्रत्ययास येतो. काठाची जमीन मोलाची ठरताच तिच्याविषयी विपुल कागद निर्माण झाले : निळी पूररेषा, लाल पूररेषा, विकास आराखडा, न्यायाधिकरणाचे आदेश. मोशीलगतच्या चिखली येथे इंद्रायणीच्या निळ्या पूररेषेतील ३६ बंगले २०२५ च्या मे महिन्यात पाडण्यात आले. त्या वादात राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण, सर्वोच्च न्यायालय, महानगरपालिका व घरमालक हे पक्ष होते. गाळाच्या मातीवर सहस्रावधी वर्षे उपजीविका केलेल्या कारूंचा पक्ष मांडण्याचा प्रसंगच नव्हता, कारण तो कोणत्याही नकाशावर नव्हता.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. एक, बलुतेदारी ही सेवा व मोबदला यांची व्यवस्था होती त्याचप्रमाणे काठच्या द्रव्यांच्या वाटपाचीही व्यवस्था होती. हे दुसरे अंग वहिवाटीत असल्याने साधनांत क्षीण उमटले. दोन, या वहिवाटीचे रूपांतर प्रथम करमाफीत व नंतर सवलतीत झाले, आणि त्या प्रक्रियेत अधिकाराचा अंश गळून पडला. तीन, कारागिरीच्या ऱ्हासाचे कारण म्हणून केवळ यंत्राकडे बोट दाखविणे अपुरे आहे. यापुढील अभ्यासकाने मोजणीच्या वह्यांतील खराब्याच्या नोंदी, शिवारातील स्थळनामे आणि वृद्ध कारागिरांच्या तोंडची माहिती ही तिन्ही साधने एकत्र ठेवून काठाचा नकाशा तयार करणे अगत्याचे आहे. महजरातील हत्यारांच्या निशाण्या वाचताना त्या हत्याराखालचे द्रव्य कोणते, हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे.

इंद्रायणीत व पवनेत दरवर्षी जलपर्णी माजते. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या वनस्पतीच्या वाळविलेल्या देठांपासून चटया व टोपल्या विणण्याचा उद्योग आसाम व बंगाल येथे उभा राहिला आहे. पुण्याच्या परिसरात मात्र ती प्रामुख्याने कचरा म्हणून काढली जाते आणि ती काढण्याचे काम ठेक्याने दिले जाते. नदीकाठी हे एक नवे द्रव्य विपुल उपलब्ध आहे. त्यावर हात कोणाचा चालावा आणि त्यातून मिळणारे चार पैसे कोणाच्या घरी जावेत, हे अद्याप ठरलेले नाही. कुंभाराच्या मातीबाबत जे वेळीच लिहून ठेवले गेले नाही ते या द्रव्याबाबत लिहून ठेवण्यास अजून अवसर आहे.